दिवा विझेना

रविवारी सकाळी मुकुंदवाडीच्या गल्लीत अण्णांची गाडी पुन्हा मुकी झाली. दारं लावली तरी छतातला दिवा विझत नव्हता आणि रात्रभर बॅटरी पीत होता. शेजारच्या कचरूकाकांनी आपल्या गाडीवरून वायरी जोडून ती सुरू करून दिली, पण दार उघडं असल्याचं लाल चिन्ह समोर तसंच जळत राहिलं.

"सेन्सर गेला असंल ताई," बन्सी मेकॅनिक फोनवर सुलेखाला म्हणाला. "उद्या आणा."

उद्या आणून काय करायचं? नामकरण आज होतं, कन्नड गावी, तिच्या मावशीच्या नातीचं. यजमान अण्णा वारल्यापासून आशाबाई कुठंच गेल्या नव्हत्या. काल लेकीनं, सुलेखानं, फार आग्रह धरला तेव्हा कशाबशा 'बरं' म्हणाल्या होत्या. आता निळी साडी नेसून त्या पायरीवर बसल्या होत्या आणि चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं.

"राहू दे गं. बाळ फोनवर बघू. गाडीला बी जायचं दिसत नाय."

सुलेखाला बिघाडापेक्षा याच वाक्याची धास्ती होती.

"चार दारांपैकी एक खोटं बोलतंय," ती म्हणाली. "तू आत बसून दिव्याकडं बघ. मी बाहेरून एकेक दार दाबते."

"मी? आत?"

"नायतर मी बसते की!" समोरच्या ओट्यावरून वच्छलाबाई ओरडल्या.

"तू बस तिथंच," म्हणत आशाबाई उठल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

पण उन्हात दिवा जळतोय की नाही तेच कळेना. कचरूकाकांनी घरातली सतरंजी आणून काचांवर टाकली.

"गाडीला थंडी वाजली व्हय?" वच्छलाबाई.

सुलेखानं चालकाचं दार दाबलं.

"हाय!" सतरंजीखालून आवाज आला.

आईच्या बाजूचं दाबलं. "हाय!" मागचं उजवं. "हायच की!"

मागच्या डाव्या दाराला तिनं कंबरेनं रेटा दिला.

"विझला!"

ती बाजूला झाली. "पेटला!" पुन्हा रेटा. "विझला!" आता कचरूकाका रेटू लागले आणि वच्छलाबाई आशाबाईंच्या आधीच ओरडू लागल्या. आतून कसलासा घुसमटल्यासारखा आवाज आला. सुलेखा घाबरून वाकली. आई हसत होती. ते ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला.

सेन्सर धडधाकट होता. दारच पुरतं बसत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात धुळीला कंटाळून अण्णांनी दारांना जाड रबर बसवून घेतलं होतं. दार आदळलेलं त्यांना खपत नसे; पाहुण्यांनासुद्धा ते दार लावायला शिकवायचे. सगळे काचेच्या कपाटासारखं हळूच लावायचे, आणि मागून अण्णा प्रत्येक दाराला कंबरेनं एक रेटा द्यायचे. हळूच लावायचं तेवढं घरात उरलं. रेटा त्यांच्याबरोबर गेला.

सुलेखानं दार उघडलं, हात मागं नेला, आणि तो तिथंच थांबला.

"आदळ की," वच्छलाबाई म्हणाल्या.

"जमंना."

आशाबाई केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आल्या. "सरक. तू पुढं बसून चिन्ह बघ." सुलेखानं चालकाच्या जागी बसून दार ओढून घेतलं. आशाबाईंनी आधी स्वतःचं दार ढकलून नीट बसवलं. मग पदर खोचला आणि मागचं दार धाडकन आदळलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली.

लाल चिन्ह गेलं.

"गेलं, आई!"

"एकदा परत बघू," म्हणून आशाबाईंनी ते उघडून पुन्हा आदळलं. मग काही गरज नसताना पलीकडचंही.

"अण्णा असते तर?" सुलेखानं भीतभीत विचारलं.

"आठवडाभर बोलले नसते माझ्याशी. लई बरं वाटलं असतं मला." हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. सतरंजी ओढून कचरूकाकांच्या खांद्यावर टाकली, पुढं येऊन बसल्या आणि बहिणीला फोन लावला.

"निघालो आम्ही. बुद्धवंदना सुरू करू नका. आणि माझ्या मांडीवर आल्याबिगर पोरीला नाव ठेवायचं नाय, सांगून ठेवते!"