सतरा नंबर

"यादी फक्त माझ्यापुरती हवी आहे, बाई," संस्थेच्या संचालक सरांनी दार लोटून घेत तिसऱ्यांदा सांगितलं.

बाई उभ्याच राहिल्या. संशोधन संस्थेत मुलाखती घेण्याचं काम त्या एकवीस वर्षं करत होत्या. कधी शाळा, कधी कारखाना. या खेपेला एक मोठं रुग्णालय. विषय होता संस्थांमधली सचोटी. चूक दिसली तर माणसं बोलतात का आणि बोलली तर त्यांचं काय होतं, हे शोधायचं. अहवालात कुणाचंच नाव नव्हतं, नुसते क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ते एकाच कागदावर, बाईंच्या हस्ताक्षरात, त्यांच्या कपाटात कुलूपबंद होतं.

घोळ झाला तो सतरा नंबरमुळे. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागातल्या अकरा परिचारिकांपैकी ती एक. यंत्र बंद पडलं की हत्यारं नुसती गरम पाण्यातून काढून वर पाठवतात आणि वहीत मात्र 'निर्जंतुक' असा शिक्का मारतात, असं तिने सांगितलं होतं. सांगण्याआधी बाईंचा हात धरून विचारलं होतं, "माझं नाव बाहेर नाही ना जाणार, ताई?" बाईंनी शब्द दिला होता, वर छापील कागदावर सही केली होती. अहवालाचा मसुदा वाचून रुग्णालयाच्या प्रमुखांच्या पायाखालची वाळू सरकली. नाव कळवा, नाहीतर यापुढे आमची दारं तुम्हाला बंद, असा त्यांचा निरोप आला.

सर काही वाईट नव्हते. बाईंच्या नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी आपण होऊन रजा वाढवून दिली होती. म्हणूनच त्यांच्याकडे बघणं जड जात होतं.

"तुमच्यापुरती म्हणजे त्यांच्यापुरतीच झाली, सर."

"दुपारपर्यंत टेबलावर पाहिजे," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसात आहे, हे लक्षात ठेवा."

बाई जागेवर आल्या. कपाट उघडून कागद काढला, सतराव्या ओळीवरून एकदा नजर फिरवली आणि तो पदराखाली धरून त्या हात धुवायच्या बेसिनपाशी गेल्या. बारीक तुकडे केले, पाण्यात भिजवले, लगदा होईपर्यंत चुरगाळले. मग तशाच ओल्या हातांनी त्या सरांच्या खोलीत परत गेल्या आणि काय केलं ते सांगून टाकलं.

मूळ कागद पाच वर्षं जपायचे, हा आपल्याच नियमावलीतला नियम आहे, हे सरांनी हळू आवाजात सांगितलं. नव्या मुलींना तो नियम बाईच शिकवायच्या.

चौकशीला तिघे जण बसले. त्यातल्या एका वयस्कर सभासदांना सगळं तिथल्या तिथे मिटवायचं होतं. त्यांनी सोपी वाट काढून दिली. चाळीस मुलाखती, इतके महिने झालेले. एवढी नावं लक्षात राहणं शक्यच नाही, नाही का?

बाईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"आठवतं," त्या म्हणाल्या. "पण सांगणार नाही."

नियमभंगाचा ठपका ठेवून त्यांना कामावरून कमी केलं. घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. विसरले म्हणाली असतीस तर कुणाचं काय बिघडलं असतं, असं तो पुटपुटला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "सचोटीचा अभ्यास तुझ्या फारच अंगात मुरला." हसायला मात्र दोघांपैकी कुणालाच आलं नाही.

अहवाल छापून आला. हत्यारांचं पान त्यात होतं. बाईंचं नाव कुठेच नव्हतं. रुग्णालयाने गुपचूप नवं यंत्र बसवल्याचं कानावर आलं.

चार महिन्यांनी नवऱ्याच्या तपासणीसाठी त्या त्याच रुग्णालयात बाकावर बसल्या होत्या. समोरून झाकलेला ट्रे घेऊन एक परिचारिका आली. बाईंना पाहून तिची पावलं अडखळली. ओठ हलले. बाईंनी नजर वळवली. क्षणभर थांबून ती पुढे निघून गेली.

"ओळखीची का गं?" नवऱ्याने विचारलं.

त्याची फाइल मांडीवर घट्ट धरून, हात कसे धुवावेत याचा भिंतीवर लावलेला तक्ता बाई पहिल्या ओळीपासून वाचत राहिल्या.