छाटणीच्या करवतीचा राग

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे, छाटणीची. म्हातारपणी राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही.

एका लोहाराने मला डोंगरउतारावरच्या बागेसाठी घडवले. तिथे एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या जुनी डोंगरी फळे जपत होते. मुठीत मावणारी आंबट सफरचंदे होती, काळपट आलुबुखार होते, आणि दगडासारख्या कडक नासपतीचे एकुलते एक झाड होते. ही नासपती काढून गवताच्या आढीत घालायची. हिवाळा सरता सरता ती अशी मऊ आणि गोड होई की खाणारा बोलायचेच विसरे.

घरातले वडील मला चालवत आणि थोरल्या मुलीला शिकवत, "वाळलेली फांदी काप, आतली गर्दी काप. झाडाला मोकळा वारा लागला पाहिजे." माझे दात ते स्वतः कानशीने घासत. पाहुणे बागेची वाहवा करत, माझ्याकडे कुणी पाहत नसे. पण ती वाहवा माझीही होती.

वडील गेले. बाग थोरल्या मुलीकडे, ताईकडे आली. धाकट्या भावाने शेजारीच पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि त्याला गाड्या लावायला जागा कमी पडू लागली. मावशी आजारी पडली म्हणून ताई तिच्याकडे गेली, तेव्हा त्याने डाव साधला. यंत्राची करवत मागितली असती तर गावभर बोभाटा झाला असता. म्हणून त्याने मला खुंटीवरून काढले.

मनगटाएवढ्या फांद्यांसाठी जन्मलेली मी, आणि त्याने मला नासपतीच्या खोडावर चालवले! मी अडकले, वाकले, माझे दात तुटले. तरी तो ओढतच राहिला. झाड पडले आणि त्याने मला चिखलात भिरकावले.

ताई परतली. ती थेट खोडाच्या थोटकाशी गेली.

"एकच तर झाड होतं," भाऊ म्हणाला. "तेही म्हातारं."

"बाबाही म्हातारे होते. त्यांना कापलंस का?"

"त्या फळाला गिऱ्हाईक नव्हतं, ताई. एवढी वाट बघून कोण खातं आता?"

"तू खायचास. ताप आला की दुसरं काही पोटात जायचं नाही तुझ्या."



झाड पडले तेव्हा हिवाळ्याच्या झोपेत होते, फांद्यांना डोळे फुटायचे होते. ताईने पडलेल्या फांद्यांच्या कोवळ्या काड्या कापल्या आणि तळघरातल्या ओल्या वाळूत ठेवल्या. मग भावाच्या हातात कुदळ दिली. "खड्डे तू खणायचेस. गाड्यांच्या जागेत." त्याने खणले. तिथे त्यांनी रानटी नासपतीची रोपे लावली आणि थंडी सरल्यावर ताईने त्यांवर वाळूतल्या काड्यांची कलमे बांधली. बहुतेक वाळली. दोन जगली.

दोन जगली म्हणजे सगळे भरून निघाले, असे कुणी म्हटले की माझे उरलेले दात शिवशिवतात. ताईचे केस पांढरे झाले आहेत. त्या कलमांना फळ धरेल तेव्हा ती असेल का?

मित्रांनो, झाड तोडायला एक दुपार पुरते. तुमच्या घरच्या कुणी अशी दुपार साधलीच, तर गप्प बसू नका. आडवे व्हा. मोठ्यांचा हात धरून त्यांना थांबवा. मला हात नव्हते, तुम्हाला आहेत.