दीड स्वर खाली

"पट्टी उतरवायची नाही म्हणजे नाही!" ग्लेनिसने चहाचा मग ओट्यावर आपटला. "तुझी ती सुरुवात ऐकायला अख्खा क्लब जमतो, नोएल. ऑपरेशन माझ्या गळ्याचं झालंय, तुझ्या गिटारचं नाही."

तिचा नवरा गिटार मांडीवर घेऊन बसला होता. नोएलने जन्मभर ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीच्या कारखान्यात पंप दुरुस्त केले. नाव मात्र झालं रविवारी दुपारी क्लबात ग्लेनिस गाई त्या एका रॉक गाण्याने. सगळ्यात जाड तार मोकळी घुमवत तो सुरुवात करी, आणि माणसं हातातली बिअर ठेवून टाळ्या पिटत. ग्लेनिसच्या गळ्यासाठी गाणं दीड स्वर खाली आणलं की ती मोकळी तार बेसूर होणार. त्याने सगळ्या तारा ढिल्या करून पाहिल्या, तर त्या नुसत्या खडखडल्या. मग उरलं काय? तारांवरच्या बोटांच्या पकडी बदलायच्या आणि त्या सुरुवातीवर पाणी सोडायचं.

"म्हण बरं एकदा जुन्या पट्टीत," तो म्हणाला.

ती गायली. वरच्या जागेवर आवाज फाटला.

"रविवारपर्यंत जमेल," ती पुटपुटली. "नाहीच जमलं तर बास झालं गाणं. हसू नाही करून घ्यायचं."

नोएलने गिटार बाजूला ठेवली. ही बाई गायची थांबली तर घरात राहिलं काय?

रविवारी त्याने फक्त साथीच्या बेस गिटारवाल्याला सांगून ठेवलं आणि सरळ खालच्या पट्टीत सुरू केलं. लोकांना गाणं ओळखूच येईना.

"अरे, सुरुवात कुठे गेली?" बारपाशी उभा असलेला डग ओरडला.

ग्लेनिसने वळून असं पाहिलं, की घरी गेल्यावर नोएलची काही धडगत नव्हती. पण तिची ओळ आली, आणि ती गाऊ लागली. आवाज जाडसर झाला होता खरा. वरच्या जागेवर मात्र तो फाटला नाही, चांगला भरून लागला. डगनेसुद्धा हातातली बिअर ठेवली. टाळ्या थांबता थांबेनात.

"पोरी, जिंकलंस!" डग मंचापाशी आला. "आणि तू रे म्हाताऱ्या? ती सुरुवात गिळलीस की काय?"

ग्लेनिसने तोंड उघडलं, तेवढ्यात नोएल म्हणाला, "बोटंच वळत नाहीत रे आता. वय झालं."

"अरेरे!" म्हणत डग गेला.

"खोटारड्या," ग्लेनिस त्याच्या कानाशी म्हणाली.

डगने ती बातमी टेबलाटेबलावर पोचवली. लोक हळहळत नोएलच्या हातांकडे बघू लागले, तेव्हा त्याने ते खिशात घातले.