एकतीस वेळा गं

"मॅडम, माझे चारशे सतरा आलेत," शेवटच्या रांगेतली मुलगी म्हणाली.

मॅडमना तिच्या स्क्रीनकडे बघायचीही गरज नव्हती. उत्तर तीनशे शहाऐंशी. बारा वर्षं तेच. भाषाशास्त्राच्या मुलांना प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देताना पहिला धडा ठरलेला असे. एक उतारा घ्यायचा, 'आणि', 'पण', 'तर' असले बिनकामाचे शब्द यादीवरून गाळायचे आणि उरलेले मोजायचे. मुलं पाठीमागे मॅडमना 'तीनशे शहाऐंशी'च म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं, पण आता त्याचा रागही येईनासा झाला होता.

"अगं, यादीतला एखादा शब्द लिहायचा राहिला असेल. बघ परत."

"राहिला नाही, मॅडम. 'गं' मी मुद्दामच यादीतून काढलाय."

यादी दिली तशीच वापर, असं तिला सांगून मॅडम घाईने निघाल्या. साडेअकराला विभागप्रमुखांनी बोलावलं होतं. व्याकरणाचे सर निवृत्त होत होते आणि त्यांचा विषय कोणाला द्यायचा हे आज कळणार होतं.

मॅडम मुळात व्याकरणाच्या. क्रियापदांवर त्यांचा जीव. बारा वर्षांपूर्वी दुसरं कोणी मिळेना म्हणून एका सत्रापुरतं हे प्रोग्रॅमिंग त्यांच्या गळ्यात पडलं. मुलांच्या एक धडा पुढे राहत त्यांनी ते निभावून नेलं, आणि तिथेच चुकलं. छान जमतंय म्हटल्यावर कोण सोडतंय? व्याकरणाची जागा झाली की तुमचीच, असं प्रमुख दरवर्षी सांगत आणि मॅडम दरवर्षी विश्वास ठेवत.

प्रमुखांनी आधी तब्येतीची चौकशी केली, तेव्हाच मॅडम काय ते समजल्या. व्याकरण त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला मिळालं होतं. त्यानेही कधीकाळी तीनशे शहाऐंशी मोजले होते.

"अहो मॅडम, तुमच्यासारखं हे दुसरं कोण शिकवणार? बसलेली घडी कशाला मोडायची?"

"म्हणजे निवृत्तीपर्यंत मी हेच करायचं का, सर?"

तसं कुठे म्हणतोय मी, असं पुटपुटत प्रमुख कागद चाळू लागले.

निवृत्तीला अजून नऊ वर्षं होती. मॅडम जिना चढून लॅबमध्ये आल्या. धूळ नको म्हणून इथल्या खिडक्या कायमच्या बंद असत. त्यातली एखादी उघडून मोठ्याने ओरडावं असं त्यांना फार वाटलं, पण त्या मुकाट्याने खुर्चीत बसल्या. तास संपून मुलं निघून गेली होती. ती मुलगी तेवढी होती.

"यादी पूर्ण घातली की तीनशे शहाऐंशी येतात, मॅडम. पण मला पटत नाही. उताऱ्यातली ही बाई कोणाशी तरी बोलतेय ना? 'गं' गाळला की ती एकटीच बडबडत बसलीय असं वाटतं."

मॅडमनी आता तिच्या स्क्रीनकडे पाहिलं.

उतारा त्यांच्या आईचा होता. प्रबंधासाठी आईचं बोलणं टेप करून त्यांनी शब्द न् शब्द उतरवून काढलं होतं. घराची किल्ली हरवली त्या दिवसाची हकीकत. 'मग काय गं, बसले पायरीवर. म्हटलं, तू आलीस की उघडेल दार.' पहिल्या सत्रात ऐनवेळी उतारा हवा होता, तेव्हा जो हाताशी होता तो घेतला. गाळायच्या यादीत 'गं' लिहिला तोही त्यांनीच. आईचे एकतीस गं पाचसहाशे मुलांनी बिनचूक काढून टाकले आणि मॅडमनी त्याचे पैकीच्या पैकी गुण दिले. आईला जाऊन चार वर्षं झाली. घरी दुसरं कोणी नव्हतं, आणि इथे त्या सगळ्यांच्याच अहो मॅडम.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मुलीने चमकून पाहिलं आणि बॅग उचलली.

ती गेल्यावर मॅडमनी मूळ यादी उघडून त्यातली 'गं'ची ओळ पुसली. प्रोग्रॅम चालवला. चारशे सतरा.

दाराशी दुसरी तुकडी येऊन थांबली होती. बसा, म्हणाल्या. उतारा उघडा. तोच धडा, तीच लॅब, पुढच्या वर्षीही हेच. फक्त आज मोजायला लावण्याआधी त्यांनी उतारा मोठ्याने वाचायला घेतला. 'मग काय गं'पाशी त्या थोड्या थांबल्या आणि मग पुढे वाचू लागल्या.