कुंडलिकशेठचा शिक्का

मी एक जुना हातोडा आहे. पण मित्रांनो, खिळे ठोकणारा नव्हे. माझ्या तोंडावर चंद्रकोर कोरलेली आहे. मला घडवले ते वैशाखरे गावचे जंगलठेकेदार कुंडलिकशेठ यांच्यासाठी. तोडलेल्या ओंडक्यावर माझा घाव बसला की चंद्रकोर उमटे आणि ओंडका शेठचा होई. सांज झाली की शेठ मला पेटीत कुलूपबंद करीत. शेठाणीच्या दागिन्यांनाही एवढा मान नसावा.

मला चालवी तो कातकरी वाडीतला म्हादू. शेठ पाहुण्यांना सांगत, "माझा शिक्का बघा कसा उठतो." कौतुक शिक्क्याचे आणि शेठचे. म्हादूचे नाव त्यात नसे.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात उतारावर ओंडके रचून ते अडवायला खाली पाचर ठोकली होती. गाडीवान खोळंबले, म्हणून म्हादूने माझ्याच घावाने पाचर उडवली. तो नेहमीच तसे करी. शेठने कधी हटकले नव्हते. त्या दिवशी मात्र एक ओंडका भलतीकडे घरंगळला आणि पायवाटेने गवताचा भारा नेणाऱ्या अंबूबाईच्या पायावरून गेला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अंबूबाई विधवा, गवत विकूनच तिचे पोट चाले.

तिने शेठवर दावा लावला. शेठ म्हणाले, "मी त्याला शिक्के मारायला ठेवलाय. पाचर काढ म्हणून सांगितलं होतं का?" नवल पाहा. आजवरचे सगळे ओंडके शेठचे, हा एकच म्हादूचा.

कोर्टात मला टेबलावर ठेवले. म्हादू हात जोडून म्हणाला, "पाचर मीच काढली, सायेब. शेठचा काय दोस नाय." अंबूबाईने पदर तोंडाशी धरला. म्हादूकडून तिला काय मिळणार? त्याच्या झोपडीला दारसुद्धा नव्हते.

न्यायाधीशांनी शेठना विचारले, "हा हातोडा कामगार घरी नेतात का?"

"छे," शेठ छाती काढून म्हणाले, "माझं काम सुरू झालं की पेटीबाहेर, संपलं की आत."

"म्हणजे त्या वेळी तुमचंच काम चालू होतं."

भरपाई त्यांच्यावर बसली.

म्हादूला मात्र दुसऱ्याच दिवशी कामावरून काढले. आमच्या लाकडाच्या तळासमोरच अंबूबाईचे घर. म्हादू दर बाजाराच्या आदल्या दिवशी गवताचा, गवत सरले की सरपणाचा भारा तिच्या दारात आणून टाकी.

"कोर्टानं शेठवर घातलं ना रे," अंबूबाई म्हणे, "मग तू कशाला वाहतोस?"

"शेठनं पैका दिला गो बाय. पाय तर मीच तोडला."

"शेठ फिरकला का एकदा तरी?"

म्हादू भारा भिंतीला नीट टेकवून वाडीची वाट धरी.

काही वर्षे असे चालले. मग एकदा भारा आला नाही. अंबूबाई कुबडी टेकून दारात उभी राहिली. शेठ मला पेटीत ठेवायला निघाले, तेव्हाही ती वाडीच्या वाटेकडे पाहत होती.

दोन दिवसांनी कळले, म्हादू तापाने गेला. कुणीतरी शेठना सांगितले. शेठ हळहळले. म्हणाले, "आमचाच माणूस होता तो."

आता मी शेठच्या माजघरात सुपारी फोडतो. चंद्रकोर झिजली आहे. मित्रांनो, उद्या तुमच्या हाताखालीही माणसे राबतील. शेठचे ते 'आमचाच माणूस' तुम्हीही म्हणा. फक्त त्या माणसाच्या हातून चूक घडेल, त्या दिवशी म्हणा.