फक्त पाव आटा

माझ्या नवऱ्याच्या रिमोटवर चालणाऱ्या ट्रकने आजवर एकही शर्यत पुरी केली नव्हती. शर्यत वीस मिनिटांची. हा अकराव्या मिनिटाला किंचाळायचा, बाराव्याला बंद पडायचा, आणि आजारी मांजर उचलून आणावं तसा नवरा त्याला कुशीत घेऊन परत यायचा.

ट्रक हातभर लांबीचा, पण इंजिन खरंखुरं, मुठीत मावणारं, दोरी ओढून सुरू करायचं. त्याला एक स्क्रू असतो. तो सैल केला की इंधन जास्त जातं आणि ट्रक धूर ओकत निवांत पळतो. आवळला की इंधन कमी, हवा जास्त. मग ट्रक सुसाट सुटतो, पण वंगणही त्या इंधनातूनच मिळत असल्याने इंजिन तापतं आणि मरतं. शास्त्र एवढंच. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, मला ते एका रविवारी कळलं. असे ट्रक पळवणाऱ्यांच्या क्लबातल्या तज्ज्ञांना दहा वर्षांत कळलेलं नाही, कारण ते बोलण्यात गुंतलेले असतात.

तज्ज्ञ चार. दातांचे डॉक्टर, चष्म्याच्या दुकानाचे मालक, ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर आणि माझा सख्खा मोठा भाऊ. बाकीचे तिघे निदान स्वतःचे ट्रक पळवतात. दादा फक्त सांगतो.

"जावईबापू, पाव आटा आवळा. फक्त पाव. मग बघा!"

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. जन्मात कुणाला 'नाही' म्हणालेला नाही. तो चहाला गेला की चौघंही एकेक करून, केवळ त्याच्या भल्यासाठी, स्क्रू पाव-पाव आटा आवळून ठेवायचे. चार पाव म्हणजे पुरा एक फेरा. मग इंजिन मेलं की हेच चौघं त्याच्याभोवती जमून हवामानाला दोष द्यायचे, आणि हा बावळट मान डोलवायचा.

गेल्या महिन्यात दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "जावईबापू, तुम्हाला नाही जमायचं. द्या तो मला."

नवरा कधी नव्हे तो चिडला. "पुढची शर्यत पुरी नाही झाली, तर ट्रक तुमचा."

आठ महिने जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून त्याने तो ट्रक एकेक भाग जोडून उभा केला होता. आठ महिने आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो, आणि मी रोज कटकट केली. पण तो आता दादाच्या कपाटावर धूळ खात पडणार म्हटल्यावर मला चक्क रडू आलं.

मग मी लक्ष घातलं. लॅबमध्ये काचपट्टी बंद करायला आम्ही नेलपॉलिश लावतो. तीच युक्ती. स्क्रू बरोबर लावून घेतला आणि त्याच्यावरून थेट शेजारच्या धातूपर्यंत लाल रेघ ओढली. स्क्रू फिरला की रेघ तुटणार. सरावाच्या दिवशी आम्ही मुद्दाम चहाला गेलो. परत आलो तर रेघेचे दोन तुकडे.

"कुणी हात लावला?"

दातांचे डॉक्टर आभाळाकडे बघू लागले. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"हात एवढे शिवशिवत असतील तर घरी जाऊन नळ दुरुस्त करा," मी म्हणाले, आणि डॉक्टरांच्या खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर जप्त करून माझ्या खिशात टाकला.

शर्यतीच्या दिवशी नवी रेघ ओढली आणि ट्रकजवळ ठाण मांडून बसले. शर्यत सुरू झाली. नवरा रिमोट घेऊन उंच मंचावर, मी खाली इंधन भरायला. सातव्या मिनिटाला ट्रक माझ्यासमोर येऊन थांबला. टाकी भरली, इंजिनावर पाण्याचा थेंब टाकला. तापलेल्या इंजिनावर तो चर्रकन उडून जातो. हा सावकाश आटला. माझा जीव भांड्यात पडला.

बारावं मिनिट गेलं. ट्रक चालूच. डॉक्टर आणि चष्मेवाले आपापलाच सल्ला ऐकून केव्हाच बंद पडले होते. पुढे फक्त मास्तर, आठ सेकंदांनी.

कठड्यामागून दादा ओरडला, "हा ट्रक आहे का डास मारायची गाडी? खिडक्या लावून घ्या रे!"

लोक खो खो हसले. मग तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "पहिला येणारा ट्रक धुरात घालवलास बाई. फक्त पाव आटा."

चौदाव्या मिनिटाला ट्रक दुसऱ्यांदा इंधनाला आला. आम्हाला पहिलं यायचंच नव्हतं. फक्त शर्यत पुरी करायची होती. हे त्या मैदानावर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी टाकी भरली, झाकण लावलं, आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला.

ट्रक असा सुटला की लोक उभे राहिले. तीन सेकंद राहिले, मग एक, मग मास्तर मागे! "आता कशी!" दादाने टाळी दिली, आणि मी ती घेतली. दीड मिनिट मी इतकी खूश होते की काय सांगू.

सतराव्या मिनिटाला धूर थांबला, आवाज बारीक झाला, आणि ट्रक वळणावर गप्प उभा राहिला.

नवऱ्याला मंचाच्या पायऱ्या उतरून यायला वेळ लागला. तेवढ्यात मी ट्रक उचलून आणला, पर्समधून बाटली काढली आणि तुटलेल्या रेघेवर नवी रेघ ओढली.

तो आला. आधी स्क्रूच पाहिला. रेघ अखंड.

"कुणी हात लावला होता का?" दादाने साळसूदपणे विचारलं.

नवऱ्याने रेघेवर बोट ठेवलं. बोट लाल झालं. त्याने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आभाळाकडे बघत होते.

"नाही," तो म्हणाला. "माझंच काहीतरी चुकलं." त्याने बोट पँटला पुसलं आणि ट्रक दादाच्या हातात दिला.

घरी आम्ही कितीतरी दिवसांनी टेबलावर ताटं मांडली. दोन घास खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, "किती आवळला होतास?"

"फक्त पाव," मी म्हणाले, आणि आवाज हुबेहूब दादाचा निघाला.