हिंगाचा खडा

आईचं तेरावं झालं त्या दुपारी मी तिच्या फळीवरच्या दोन बरण्या खाली उतरवल्या. दोन्हींत उन्हाळ्यात केलेली कांदा-लसूण चटणी होती. एकीत वर हिंगाचा खडा ठेवलेला होता, चटणी वर्षभर टिकावी म्हणून ठेवतात तसा. दुसरीत नव्हता. आईनं खडा कुठल्या बरणीत ठेवला असेल? जी जपायची तिच्यात, असं मला वाटलं. म्हणून खड्याची बरणी मोनासाठी ठेवली आणि बिनखड्याची, लवकर संपायला हवी म्हणून, शेजारच्या आक्काताईंना दिली. दरवर्षी त्यांच्याकडे एक बरणी जायचीच.

मोना माझी मुलगी, आठ वर्षांची. तिला सिलिअ‍ॅक आहे. गहू पोटात गेला की तिच्या आतड्याचं अस्तर झिजतं. सहाव्या वर्षी हे कळलं, तेव्हा तिचं वजन चार वर्षांच्या पोरीएवढं होतं. माझ्या नवऱ्याची, उदयसिंहची, नोकरी पुण्याला. मी आणि मोना कळंब्यात आई-आबांजवळ राहतो. त्या आजाराबद्दल मिळेल ते मी वाचून काढलं. आईनं काहीच वाचलं नाही. तिनं घरातला गहू बंद केला, ज्वारी दळायला घरघंटी आणली, मोनाचा तवा आणि परात वेगळी केली, आणि दोन वर्षं मोनाचं ताट दुसऱ्या कुणाला वाढू दिलं नाही.

आई ऑगस्टमध्ये गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. काही सांगायला, विचारायला वेळच मिळाला नाही. ताट मी वाढू लागले. भाकरी, दूध, भाजी, आणि कडेला तेल घातलेली चटणी. मोनाला ती रोज लागायची.

नोव्हेंबरात तिचं पोट पुन्हा दुखू लागलं. शाळेतून आली की दप्तरासकट सोफ्यावर आडवी व्हायची. आबा आणि मी तिला राजारामपुरीत डॉ. निशा कांबळे यांच्याकडे घेऊन गेलो. अशा मुलांच्या रक्तातल्या बदलांचा त्या अभ्यास करतात, त्यामुळे मोनाच्या नेहमीच्या तपासण्यांबरोबर आणखी काही आकडे त्यांच्याकडे होते.

"या आजारात पेशींवर एक प्रकारचा गंज चढतो," त्या आबांकडे बघत म्हणाल्या. "शरीर स्वतःच त्याला अडवणारी द्रव्यं बनवतं. ग्लुटाथायोन त्यातलं एक मोठं. आतडं सुजलेलं असलं की ते बनतं त्याहून जास्त वापरलं जातं. मोनाचं पथ्यानं छान भरून येत होतं. आता ते उतरलंय, आणि आजाराच्या अँटिबॉडी वाढल्यात."

आबांनी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत तीस वर्षं काढली आहेत. गंज म्हटल्यावर ते खुर्चीत पुढं सरकले. "मग त्या गंजाची एकादी गोळी असंल की डॉक्टर."

"गोळीनं हे भरून येतं याचा अजून पक्का पुरावा नाही, आजोबा."

"बराबर हाय. गंजावर रंग मारून भागत न्हाय. ओल कुठनं येती ते बघाय पायजे."

डॉक्टर हसल्या. "हेच मला म्हणायचंय. गहू कुठून तरी जातोय. थोडाच, पण रोज."

घरी येऊन मी एकेक डबा उघडला. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लावावा लागला. डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. एवढं वाचणाऱ्या मला हे दोन वर्षांत दिसलं नव्हतं. मी चटणीची बरणी समोर ठेवून बसले. वर तो खडा, आणि आत, सगळ्या चटणीत कांडलेला, तोच हिंग. म्हणजे आईनंच पोरीला दोन वर्षं हे खाऊ घातलं. मला तिचा राग आला, आणि राग घेऊन जायला ती जागेवर नव्हती. तिच्या हयातीत मोनाचे आकडे सुधारत होते, हे त्या वेळी मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात मी बरणी पालथी करणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून आक्काताई ओरडल्या, "अगं ए संयु! आईच्या हातची चटणी टाकतीस व्हय? डोकं फिरलं काय तुझं?"

"हिंग आहे यात, आक्काताई. मोनाला चालत नाही."

"तुझ्यात हाय तर! आमच्या बरणीत औषधालाबी न्हाय. सून म्हणती, फिकी हाय, कुणी तोंड लावंना. मी म्हटलं, म्हातारी विसरली आसंल. सुतकातल्या घरात येऊन कसं सांगू बाई, चटणी बिघडलीया म्हणून?"

मी बरणी तशीच धरून उभी राहिले. मागं आबा नळाखाली पाय धुत होते. नळ बंद करून ते म्हणाले, "मग मे महिन्यात उखळात कांडत बसलीती ती हीच की. चार दिवस. मी म्हटलं, समदी चटणी कांडपावर दिलीस, मग ह्येवढी घरात कशाला? तर म्हणाली, तिथं समद्यांचा हिंग आसतोय. तुम्ही गप बसा, तुमचं काय जातंय?"

"आबा, मला का नाही सांगितलंत?"

"मला काय म्हाईत, पोरी, ह्यात सांगण्यासारखं काय हाय?"

आक्काताई आत गेल्या आणि बरणी घेऊन आल्या. अर्ध्याहून जास्त भरलेली होती. "पोरीची हाय ही. घे." मी झाकण उघडलं. लसूण, खोबरं, भाजलेला कांदा. आई हिंगाशिवाय चटणी करायची नाही. पासष्ट वर्षांच्या जिभेची सवय तिनं मोनासाठी मोडली होती, आणि त्याचा गाजावाजा केला नव्हता.

खड्याची बरणी मी टाकली नाही. आबांनी मागून घेतली. "मला घाल ती. मला आता आनि कसला गंज चढतोय?" आता ती वेगळ्या फळीवर आहे, तिचा चमचाही वेगळा.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी नवे आकडे दाखवले. अँटिबॉडी उतरल्या होत्या. ग्लुटाथायोनचा आकडा थोडा वर आला होता. "याला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. मोना तोवर बाहेरच्या बाकावरून उड्या मारत होती.

मे महिन्यात आम्ही उखळ धुऊन उन्हात वाळवलं. मुसळ मला जड गेलं. दहा घाव घातले की थांबावं लागायचं. मोना मोजत होती आणि मध्येच चिडवत होती, "आजी नव्हती थांबत." तिसऱ्या दिवशी चटणी झाली. आईच्या बिनखड्याच्या बरणीत तळाशी एक चमचा उरला होता. विरजण लावतात तसा तो मी नव्या चटणीत मिसळला, आणि बरणीचं झाकण लावायला मोनाकडे दिलं. वर काही ठेवलं नाही.